थैली, कापडी, छोटी – एक

१

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट मी मिरवायला सांगत नाही. चोर मी शोधला, एका दिवसात शोधला, हे सगळं खरं. पण तेव्हापासून केनवडच्या बाजारातून जाताना मला कुणाच्या डोळ्यांत बघवत नाही. चतुराबाई, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. नाईतर मनातच कुढत बसान." म्हणून सांगतो.

माझं नाव नानाजी. पहिल्या लढाईत बसऱ्याला होतो, हवालदार होऊन पेन्शनीत आलो. पलटणीत साताऱ्याकडच्या लोकांत वीस वर्षं काढली, त्यामुळे माझी बोली अर्धी तिकडची झाली. गावात बोलतो तेव्हा मात्र गावचीच. दुसऱ्या लढाईत सरकारने मला भरतीचं काम दिलं होतं. बाजाराच्या दिवशी मी टेबल मांडून बसायचो, पोरं निवडायचो आणि चिठ्ठी देऊन अकोल्याला धाडायचो. त्या कामाचा मला फार तोरा होता.

सत्तेचाळीसची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. काश्मिरात आपली फौज उतरल्याला महिना झाला होता. रामकिसन पाटील म्हणजे केनवडचा मोठा शेतकरी. त्याचा एकुलता एक मुलगा जगदेव चव्वेचाळीस साली इटलीत पडला होता. त्याचं पदक आणि सामान तीन वर्षांनी पेटीतून आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीमचे तहसीलदार येणार, शाळेच्या पटांगणात जगदेवच्या आईला पदक देणार, आणि आपली फौज कशी चालते यावर मी चार शब्द बोलणार, असं ठरलं होतं. पेटीतलं सामान यादीबरोबर ताडून सही करायचं कामही माझ्याकडेच होतं.

मी सकाळी पाटलाकडे गेलो आणि यादी वाचायला लागलो. पदक एक, हजर. पे-बुक एक, हजर. मनगटी घड्याळ एक, हजर. वस्तरा एक, हजर. शेवटची ओळ होती: थैली, कापडी, छोटी – एक.

थैली नव्हती.

"जाऊ दे ना, नानाजी," रामकिसन म्हणाला. "एक चिंधी गेली त काय झालं?"

"चिंधी?" माझं डोकं फिरलं. "शहिदाचं सामान हाय ते! यादी पुरी झाल्याबिगर मी सही करत नाई."

रामकिसनने पेटीचं झाकण लावलं. मग ओसरीवरून ओरडला, "त्या हिरीले धरून आना रे! काल तेच घुसली होती आत!"

२

हिरीबाई बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. तिचा मुलगा लालसिंग पाटलाकडे सालदार, म्हणजे सालाने बांधलेला गडी होता. पाच वर्षांपूर्वी तो एकाएकी नाहीसा झाला, आणि पाटलाचा चांदीचा करदोडा घेऊन पळाला असं गावभर झालं. पोलिसांच्या जमादाराने त्याच्या बापाला दोन दिवस बसवून ठेवलं. त्या धसक्यानं म्हातारा पावसाळ्यात गेला. तेव्हापासून हिरीबाईला गावात चोराची माय म्हणत. तरी पोटासाठी ती त्याच पाटलाच्या घरी सारवायला यायची.

तिला चावडीच्या पायरीवर आणून बसवलं. रामकिसनने फर्मावलं की उद्या तहसीलदारासोबत रिसोडचा जमादार येतोच आहे, तो तिला घेऊन जाईल. मी सही अडवली म्हणून हे झालं. पण त्या वेळी माझ्या मनात ते आलंच नाही. मला यादीचं पडलं होतं.

"काय व हिरी, थैली कुठं हाय?" मी विचारलं.

"मले नाई माहीत, हवालदार. मी भितीपासून सारवत आली, मागं मागं सरकत उंबऱ्याभायेर निंगाली. पेटीले हात बी नाई लावला." मग एकदम कळवळून म्हणाली, "मले पोलिसात देऊ नका. माहा लाल कदी बी येईन. घराले कुलूप पाहून मागं फिरीन तो."

पाच वर्षं ती बाई वाट बघत होती. दर रामनवमीला पोहरादेवीला जाऊन नवस बोलायची.

पाटलाच्या घरी स्वयंपाक करणारी गोमतीबाई, विधवा बाई, तोंडाची फटकळ. तिला विचारलं.

"पेटी काल सकाळी आली. पाटलानं उघडली, पाटलीनबाई होत्या, मी होती. समदं पाहून मधल्या खोलीत फळीवर ठेवली. दुपारी हिरीनं खोली सारवली. मंग कोनी गेलं नाई आत. ओल्या सारवनात कोन पाय घालते?"

"तू थैली पाहिली होती?"

"पाटलानं कुठं पाहू देल्ली! हातात घेतली अन् लगेच खाली दाबली."

पाटलीणबाईंना, सोजरबाईंना, विचारायला मला संकोच वाटत होता. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. शहिदाची आई, दुसरं काय होणार?

"वहिनी, सारवल्यावर तुमी खोलीत गेल्त्या?"

"नाई भाऊजी. कायले जाऊ?" एवढं बोलून त्या चुलीकडे वळल्या.

मला एक गोष्ट काही केल्या उलगडेना. फळीवर घड्याळ होतं, पदक होतं. ते सोडून कापडाची थैली कोण नेतं? पोटासाठी चोरी करणारा माणूस असा अडाण्यासारखा वागत नाही.

३

मी पेटी पुन्हा समोर घेतली. थैलीत काय असेल याचा पत्ता लागावा म्हणून पे-बुक उघडलं. शिपायाची सगळी कुंडली त्यात असते. नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, छाती, अंगावरच्या खुणा. नाव जगदेव, बाप रामकिसन, गाव केनवड. बरोबर.

उंची पाच फूट नऊ इंच.

मी हसलोच. मी स्वतः पाच-सात. जगदेव माझ्या कानाला लागायचा, आणि भरतीला गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्या वयात कुणी अर्धा हात वाढत नाही. लिहिणाऱ्या कारकुनाची चूक झाली असेल म्हणून पान उलटलं.

सहीच्या जागी अंगठा होता.

आता मात्र हसू येईना. जगदेव गावच्या शाळेत पाचवीपर्यंत शिकला होता. बेचाळीस साली चावडीवर सगळ्या गावासमोर त्याने माझ्या वहीत नाव लिहून दिलं, खाली ऐटदार रेघ मारली. गावाने हार घातले, हलगी वाजवली. मी त्याला चिठ्ठी दिली. दुसऱ्या दिवशी मलाच हिवताप भरला, म्हणून अकोल्याला सोबत गेलो नाही. चिठ्ठी घेऊन तो एकटाच मोटारीत बसला, असं रामकिसनने सांगितलं.

सही करता येणारा माणूस अंगठा का देईल? मी पे-बुक हातात धरून बसलो. पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. वाटलं, बंद करावं हे, सही करावी आणि घरी जावं. हे प्रकरण उकरलं तर माझी चिठ्ठीही त्यातून निघणार होती.

पण चावडीच्या पायरीवर ती बाई बसली होती. थैली चोरणारा सापडल्याशिवाय तिची सुटका नव्हती. आणि इटलीत मेला तो जगदेव नव्हता, तर कोण होता?

४

मी मधल्या खोलीपाशी गेलो. दार पूर्ण उघडलं आणि उंबऱ्याशी जमिनीजवळ वाकलो. पलटणीत आम्ही वाळूतले माग काढायचो, तेवढी अक्कल अजून शाबूत आहे. दुपारचं ऊन तिरपं आत आलं होतं. सारवण वाळलं होतं, पण ओलं असताना त्यावर कुणीतरी चाललं होतं. उंबऱ्यापासून फळीपर्यंत चार पावलं जाताना, चार येताना. चवडा जपून टेकलेला. पाऊल बाईचं.

हिरीबाई मागे सरकत बाहेर पडली होती, तिची पावलं तिच्याच हाताने पुसली गेली. मग ही कुणाची? गोमतीबाईची का?

मी आणखी वाकलो. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी बारीक खाच उमटली होती. दोन्ही पायांच्या, प्रत्येक पावलात.

जोडव्यांची खाच होती ती. हिरीबाई विधवा, गोमतीबाई विधवा, दोघींच्या पायांत जोडवी नव्हती. या घरात जोडवी घालणारी बाई एकच होती, आणि ती मला म्हणाली होती की मी खोलीत गेलेच नाही.

मी तसाच स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. गोमतीबाईला पाण्याला पाठवलं.

"वहिनी," मी म्हणालो, "थैली काढा."

५

सोजरबाई उठल्या. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि थैली काढून माझ्यासमोर ठेवली.

लाल खादीचा तुकडा, त्यावर पिवळ्या-हिरव्या दोऱ्याची वीण, कडेला कवड्या, मधे नखाएवढे आरसे. असली वीण आमच्या बाया घालत नाहीत. ती तांड्यावरची. तिथली आई दुसऱ्याच्या घरी कामाला राहणाऱ्या मुलाला अशी थैली शिवून देते, सुपारी-तंबाखू ठेवायला.

"लालसिंग?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली आणि पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

"मोटारीत बसाच्या येळेले जगदेव कापाले लागला, भाऊजी. म्हने मी नाई जात, मी मरतो. गावानं हार घातलेले, आता मागं कसं फिराव? यायनं, जगदेवच्या बापानं, लालसिंगले बोलावलं. चिठ्ठी त्याच्या हातात देल्ली, म्हने तूच जगदेव. तो त नाचतच गेला. त्याले जायाचंच होतं."

"जगदेव कुठं हाय?"

"निजामाच्या मुलखात. माह्या भावाच्या शेतावर." त्यांनी डोळे पुसले. "सालदार कुठं गेला म्हनून लोक इचारतीन, त यायनं करदोड्याची आवई उठोली. मी कोनाले काई बोलली नाई. तारेत पोरगा मेला म्हनून आलं तवा जित्या पोराची तेरवी केली मी. लाडू वाढले. अन् तिले, हिरीले, उष्टं काढाले बोलावलं होतं त्या दिशी."

मी थैली उचलून हातात घेतली.

"त्याची दुसऱ्याच्या हातानं लिवलेली पत्रं येत ना भाऊजी, ते आठोते तुमाले? यायनं चावडीवर वाचून दाखोले. दर पत्रात खाली एकच ओळ राहे, माह्या आईले सांगजा, मी खुशाल हाय. लोकं माह्याकडं पाहून म्हनत, केवढी माया हाय पोराची! अन् तिकडं तिले कोनी सांगतलंच नाई. काल हे थैली पाह्यली अन् मले राहवलं नाई. सारवन वाळू बी देल्लं नाई. तिच्या घरी नेऊन देतो म्हनलं. पन् काय सांगून देऊ? हिंमतच झाली नाई."

"अन् तिले चोर म्हणून धरलं तेव्हा?"

"तवा बी नाई झाली," त्या म्हणाल्या.

मी त्यांना काय बोलणार होतो? बेचाळीस साली लालसिंग माझ्या टेबलासमोर एकदा नाही, तीनदा येऊन उभा राहिला होता. ताडासारखा पोरगा, छाती अशी की कुठल्याही सुभेदाराने पाठ थोपटली असती. तेव्हा भरती जात बघून व्हायची. अमक्या पलटणीत अमक्याच जातीच्या कंपन्या, बाकीच्यांनी फार तर मजुरीला जावं. मला हा कायदा मोडता येत नव्हता, हे खरं. पण निदान नीट बोलता आलं असतं. मी काय केलं? तिसऱ्यांदा आला तेव्हा भर बाजारात ओरडलो, "अबे, हे लढणाऱ्याची पलटन हाय, तांड्यावरची जत्रा नोहे! बैलं राख जा!" बाजार हसला. मीही हसलो.

६

रामकिसन मांडवाच्या कामावरून आला आणि माझ्या हातातली थैली बघून दारातच थांबला. मी एवढंच म्हणालो, "हिरीले सोडून दे."

"सोडतो. लगेच सोडतो. थैली घरातच सापडली म्हनून सांगू, विषय खतम." मग जवळ येऊन हळूच बोलला, "बाकीचं पोटातच राहू दे, नानाजी. चिठ्ठी तुह्या सहीची हाय. उद्या चौकशी लागली त मी एकटा नाई बुडत. तुही पेन्शन जाईन, अब्रू जाईन. अन् ज्याचं जायाचं त्याचं गेलंच हाय ना? आता नाव कोनाचं का असेना!"

त्याचं म्हणणं मी लगेच उडवून लावलं, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी ओसरीवर बसून त्याच्या घरचा चहा प्यालो आणि विचार करत राहिलो. हिरीबाई सुटतेच आहे, पोरगा काही परत येणार नाही, मग कशाला? असा चांगला अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाची लाज मला सगळ्यांत जास्त वाटते.

शेवटी सोजरबाई बाहेर आल्या. पायांत वहाणा, डोक्यावर पदर. नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"भाऊजी, तांड्यावर चला माह्यासोबत. एकटीनं मले नाई जमत."

"सोजर, आत जाय!" रामकिसन ओरडला.

"आतच बसली होती पाच वर्सं," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या. मी कप खाली ठेवला आणि त्यांच्या मागे निघालो.

चावडीवरून हिरीबाईला सोबत घेतलं. तिच्या खोपटासमोर बसून सोजरबाईंनी सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. दिवस मावळतीला आला होता. तांड्याचा नायक सेवादास बाजूला येऊन उभा राहिला. हिरीबाईने थैली हातात घेतली, एक एक कवडी चाचपली. एक सुटली होती, तिचा दोरा बोटाने दाबून बसवला. ती रडेल, शिव्या देईल, अंगावर धावून येईल, मी कशालाही तयार होतो. ती सेवादासला म्हणाली, "नायक, त्याचं करा लागते आता समदं. पाच दिस, तेरा दिस, जे असन ते." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

७

सकाळी पटांगण माणसांनी भरलं. रामकिसन पोट दुखतं म्हणून आला नाही. तहसीलदार चांगले बोलले. म्हणाले, कालपर्यंत ही फौज राजाची होती, आता ती आपली आहे. तिने सरहद्द राखायची, पुरात-दुष्काळात धावून यायचं, आणि देशातल्या कुणालाही ती आपली वाटली पाहिजे. मग त्यांनी पुकारलं, "वीरमाता सोजरबाई!"

सोजरबाई उठल्या. खालच्या रांगेतून हिरीबाईला दंडाला धरून उठवलं, पुढे आणलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीवर बसवलं.

"साहेब, माहा पोरगा जिता हाय," त्या म्हणाल्या. "मेला तो हिचा. लालसिंग."

एकच गलका झाला. तहसीलदार कागद चाळायला लागले. "पण बाई, कागदावर तर जगदेव आहे!"

आता माझी पाळी होती. मी उठलो. "कागद माझ्या चिठ्ठीवरून झाला, साहेब. चिठ्ठी जगदेवच्या नावाची, गेला लालसिंग. पोरगा मीच हाकलला होता, म्हणून त्याला दुसऱ्याच्या नावाने जावं लागलं. चौकशी लावा. माझं नाव पहिलं लिहा."

तहसीलदारांनी कागद मिटले. चौकशी होईल म्हणाले, ती पुढे झालीही. नाव बदलायला किती वर्षं लागतील ते आपल्याला सांगता येणार नाही, असंही म्हणाले. मग खुर्चीसमोर येऊन त्यांनी पदक हिरीबाईच्या हातात दिलं आणि दोन पावलं मागे सरून नमस्कार केला. आणि मला म्हणाले, "हवालदार, तुम्ही बोलणार होता ना?"

मी काय काय घोकून आलो होतो! दहा माणसांचा सेक्शन, तीन सेक्शनचा प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी, चार कंपन्यांची पलटण. एक पुढे सरकतो तेव्हा दुसरा त्याची बाजू धरतो, अशी सगळी रचना. त्यातलं काही बोललो नाही.

"मेसोपोटेमियात आमच्या डाव्या हाताला पंजाब्यांची कंपनी होती," मी म्हणालो. "त्यांनी आमची बाजू सोडली नाही, म्हणून मी जिवंत आलो. तिथं मी त्यांना जात विचारली नाही. भरतीच्या टेबलावर बसल्यावर मात्र मी तेवढंच विचारत बसलो. माझं बोलणं संपलं." आणि खाली बसलो. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, ते बरं झालं.

लोक पांगले. हिरीबाई तांड्याकडे निघाली तेव्हा मी थोडं अंतर ठेवून मागे चाललो. ओढ्यापाशी ती थांबली.

"हवालदार, एक इचारू? त्याले वर्दी नीट बसे का? लय उंच होता माहा लाल. कोनताच सदरा त्याले पुरे नाई."

"बसे," मी म्हणालो. "अंगासरशी बसे."

"तुमी पाह्यला?"

'हो' म्हणायचं ठरवूनच मी तोंड उघडलं होतं.

"नाई व बाई. मी त्याले वर्दीत कदीच पाह्यला नाई. मी त्याले हाकलला होता, भर बाजारातून."

"ते मले माहीत हाय," हिरीबाई म्हणाली. "त्या दिशी घरी येऊन त्यानं भाकर खाल्ली नाई."

एवढं बोलून ती ओढा ओलांडून गेली.